आरे कोणी वसवले?

गोरेगाव स्थानकाच्या पूर्वेस उतरून आरे रस्त्याने चालू लागावे आणि द्रुतगती महामार्ग ओलांडावा, की चार पावलांतच हवा पालटते. वाहनांचा कोलाहल मागे राहतो आणि दुतर्फा झाडांची सावली सुरू होते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात आम्ही याच रस्त्यावरील सेंट पायस सेमिनरीत धर्मगुरूपदाचे शिक्षण घेत होतो. सायंकाळी पाय मोकळे करण्यासाठी आम्ही आरेच्या दिशेने जात असू. तत्त्वज्ञानाची जड पुस्तके डोक्यात घोळत असत; पण ज्या वाटेने चालत होतो ती वाट कोणाची, तिच्या कडेच्या पाड्यांत कोण राहतात, हा प्रश्न त्या काळात एकदाही आमच्या मनास शिवला नाही, हे आज कबूल केले पाहिजे.

तो प्रश्न पुढे एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारला. गुरुदीक्षेनंतर काही वर्षे आम्ही एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत नववीच्या वर्गास इतिहास शिकवीत होतो. परिसर अभ्यासाच्या एका चाचणीत आम्ही प्रश्न घातला होता : ‘आरे वसाहत कोणी व केव्हा वसवली?’ अपेक्षित उत्तर दोन ओळींचे होते. शासनाने, दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने, १९४९ साली. आरेतल्या एका वारली पाड्यावरून येणाऱ्या मुलाने लिहिले होते, ‘आमचा पाडा आधीचा आहे. म्हशी नंतर आल्या.’ आम्ही लाल शाईने त्यावर शून्य काढले. उत्तरपत्रिका परत देताना तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, “फादर, मग आमचा पाडा कोणी वसवला ते पुस्तकात कुठे आहे?”

आम्ही त्याला जागेवर बसण्यास सांगितले. त्या शून्याचा हिशेब आम्ही अद्याप करीत आहोत. प्रस्तुत लेख हा त्या हिशेबाचाच एक भाग समजावा.

ज्या विषयांना आपण मानव्यविद्या म्हणतो त्यांचा कुळवृत्तांत मोठा आहे. युरोपातील प्रबोधनकाळात व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र या पाच विषयांना मिळून ‘माणसाला माणूस करणारा अभ्यास’ अशा अर्थाचे नाव पडले. येशूसंघाने १५९९ साली आपल्या शाळांसाठी जी अभ्यासपद्धती निश्चित केली तिच्यात व्याकरणाचे वर्ग संपले की जो वर्ग येई त्याचे नावच ‘मानव्य’ असे होते. त्या योजनेत इतिहास हा स्वतंत्र विषय नव्हता. तो भाषेच्या अभ्यासातून, जुन्या लेखकांच्या वाचनातून शिकविला जाई. भाषा आणि इतिहास यांची ताटातूट नंतरच्या काळात झाली.

आपल्याकडे या विषयांचा आग्रह धरणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आदराने घ्यावे लागते. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांसाठी मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य यांच्या बरोबरीने सामान्य इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची मागणी केली होती. कष्टकऱ्याच्या मुलाला केवळ हिशेब आला म्हणजे भागले, असे त्यांना वाटत नव्हते. आपण कोठून आलो आणि कोठे उभे आहोत हे त्यालाही कळले पाहिजे, हा त्या मागणीचा गाभा आहे, असे आम्ही समजतो.

दुसरे नाव फादर हेन्री हेरास यांचे. हा स्पॅनिश येशूसंघीय १९२२ साली मुंबईस आला आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास शिकवू लागला. १९२६ साली त्यांनी तेथे भारतीय इतिहासाची संशोधन संस्था स्थापन केली; ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. शिलालेख, ताम्रपट, नाणी, मूर्ती हे सारे विद्यार्थ्याने स्वतः हाताळावे आणि मगच लेखणी उचलावी, अशी त्यांची शिस्त होती. दुसऱ्याने काढलेला निष्कर्ष पाठ करणे म्हणजे इतिहास शिकणे नव्हे, हे त्यांनी मुंबईत एका पिढीच्या अंगी बाणविले. परंतु ही शिस्त महाविद्यालयाच्या उंबरठ्याच्या आतच राहिली. माध्यमिक शाळेपर्यंत ती क्वचितच उतरली.

का उतरली नाही, याची कारणे शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. १९६६ साली महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचे राज्य मंडळ आले. पुढच्याच वर्षी पाठ्यपुस्तकांसाठी बालभारती स्थापन झाली. १९७५ साली अकरावीच्या जागी दहावीची शालान्त परीक्षा सुरू झाली. या व्यवस्थेचे उपकार मोठे आहेत. खेड्यातील आणि पाड्यावरील मुलाच्या हाती तेच पुस्तक, त्याच किमतीत पडले, ही काही लहान गोष्ट नव्हे. परंतु लाखो उत्तरपत्रिका तपासावयाच्या तर उत्तर एकच असावे लागते, आणि उत्तर एकच असले की प्रश्न विचारण्याचे प्रयोजन उरत नाही. ‘कारणे द्या’, ‘टिपा लिहा’, ‘रिकाम्या जागा भरा’ या तीन पायऱ्यांवरून पिढ्या चढल्या आणि उतरल्या. इतिहास-राज्यशास्त्राला चाळीस आणि भूगोलाला चाळीस गुण, अशा वाटणीत हे विषय ‘पाठांतराचे’ म्हणून ओळखले जाऊ लागले. हुशार मुलाने विज्ञानाकडे जावे आणि इतिहास परीक्षेच्या आदल्या रात्री उरकावा, हा घरोघरचा सल्ला झाला. आम्हीही तो ऐकला आहे आणि, खोटे का बोलावे, क्वचित दिलाही आहे.

पाठ्यपुस्तके मात्र जागच्या जागी थांबली नाहीत, हे नमूद केले पाहिजे. २०१८ साली आलेले दहावीचे इतिहासाचे पुस्तक इतिहासलेखनाच्या परंपरांपासूनच सुरू होते. इतिहास कोण लिहितो, कोणत्या साधनांवरून लिहितो, हा त्याचा पहिला प्रश्न आहे. पुढे उपयोजित इतिहास आहे, प्रसारमाध्यमे आहेत, खेळ आणि पर्यटन आहे, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन आहे. आमच्या विद्यार्थीदशेत असे पुस्तक आम्हांस मिळाले नव्हते. पण पुस्तक पालटले तरी तास पालटतोच असे नाही. इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेतील विचारवंतांची नावेही जोड्या लावण्यापुरती पाठ करता येतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

त्या पुस्तकाचा आधार घेऊन, काही वर्षांपूर्वी, आम्ही एक लहानसा उद्योग केला. आमच्या धर्मग्रामातील काही मुले आणि आरेच्या पाड्यांवरून शाळेत येणारी काही मुले अशी एकत्र मोट बांधली आणि सुट्टीच्या दिवशी त्यांना घेऊन आरेत फिरलो. सर्वांना एकच काम दिले : ‘आरे कोणी वसवले?’ या प्रश्नाचे उत्तर शोधा. मात्र उत्तराखाली ‘हे आम्हांला कोणाकडून कळले’ ते लिहा.

कागदपत्रांचे उत्तर सर्वांत आधी मिळाले. मुंबईतील गुरांचे तबेले शहराबाहेर हलवावेत आणि शहराला स्वच्छ दूध मिळावे, म्हणून ही वसाहत निघाली. दूध आयुक्त खुरोडी हे या योजनेचे सूत्रधार. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सुमारे १,२८७ हेक्टर जमीन, बत्तीस गोठे आणि सोळा हजारांच्या आसपास जनावरे असा तो पसारा होता. ‘टोन्ड’ दूध हा आज घरोघरी रुळलेला शब्द खुरोडींच्या नावावर जमा आहे. १९६३ साली व्हर्गीज कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासह त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. काचेच्या बाटल्या, त्यांवरचे वर्खाचे झाकण आणि पहाटे केंद्रापुढे हातात कार्ड घेऊन लागलेली रांग मुंबईकरांच्या एका अख्ख्या पिढीला आठवते. एका मुलाच्या ध्यानात एक गोष्ट आली, ती आमच्याही आली नव्हती. गोठ्यांचे जे क्रमांक होते तेच आज माणसांचे पत्ते झाले आहेत. ‘युनिट नंबर अमुक’ असे सांगितले की आरेत पत्र पोहोचते.

दुसरे उत्तर बोलण्यातून मिळाले. पाड्यावरील एका वृद्ध वारली आजींना मुलांनी विचारले, “आजी, तुम्ही इथे केव्हा आलात?” आजींना प्रश्नच कळला नाही. त्या म्हणाल्या, “आम्ही कुठून येऊ? आम्ही इथलेच.” साल त्यांना सांगता येईना. पण कोणत्या ओढ्याकाठी कोणती भाजी उगवते, वाघोबाचे ठाणे कोठे आहे आणि त्याला केव्हा मान द्यावयाचा, हे त्यांनी न अडखळता सांगितले. आरेत आजही बिबट्याचा वावर आहे आणि तेथील आदिवासी पाडे, जे साधारणतः सत्तावीस मोजले जातात, वाघोबाला विसरलेले नाहीत. ‘हे आम्हांला कोणाकडून कळले’ या रकान्यात एका मुलीने लिहिले, ‘आजीकडून. आजीला तिच्या आजीकडून.’ हे साधन पुस्तकाच्या परिभाषेत मौखिक साधन होय. आम्ही ज्याला शून्य दिले होते ते हेच.

तिसरे उत्तर दगडांचे आणि पाण्याचे. आरेच्या शेजारी विहार तलाव आहे. मुंबईची तहान भागविण्यासाठी इंग्रजांनी तो १८५६ ते १८६० या काळात बांधला. दक्षिणेकडे कोंडिविट्याची बौद्ध लेणी आहेत. लोक त्यांना महाकाली लेणी म्हणतात. त्याच बाजूस, आज सिप्झच्या कुंपणाच्या आत, संत योहान बाप्तिस्ताचे १५७९ साली बांधलेले चर्च छप्पर हरवून उभे आहे. १८४० साली साथीच्या आजारामुळे लोकांनी ती वस्ती सोडली आणि मरोळला नवे चर्च बांधले. १९७३ साली सिप्झ आले आणि आमच्या लोकांच्या पूर्वजांचे ते मंदिर कुंपणाआड गेले. एरवी तेथे सहजासहजी जाता येत नाही. म्हणून मुलांना आम्ही त्याचे छायाचित्र दाखविले.

येथे एक प्रसंग घडला. आमच्याच धर्मग्रामातील, ईस्ट इंडियन घरातील एका मुलीने ते छायाचित्र बराच वेळ पाहिले आणि विचारले, “फादर, आपले पूर्वज ख्रिस्ती कसे झाले? मनाने, की कोणी सांगितले म्हणून?”

पाड्यावरील मुलांना त्यांचा इतिहास विचारणे आम्हांस सोपे गेले होते. आता प्रश्न आमच्या अंगणात आला होता. क्षणभर वाटले, उत्तर पुढच्या रविवारावर ढकलावे. पण मग त्या सर्व खटाटोपाला काय अर्थ उरला असता? आम्ही जे जाणतो ते सांगितले. १५३४ च्या तहाने वसईसह साष्टीचा हा प्रदेश पोर्तुगिजांकडे आला. त्यांच्या राज्यात काही जण श्रद्धेने ख्रिस्ती झाले, काही गावाबरोबर झाले, काही लाभासाठी आणि काही दडपणाखाली झाले. हे चारही प्रकार घडले. मात्र त्या काळातील जी पत्रे व वृत्तान्त उपलब्ध आहेत ती बहुतांशी मिशनऱ्यांची आणि अधिकाऱ्यांची आहेत. ज्यांनी धर्म स्वीकारला त्या शेतकऱ्यांचे, कोळ्यांचे, कुणब्यांचे स्वतःचे शब्द त्यांत जवळजवळ नाहीत. ‘ईस्ट इंडियन’ हे आपले नावदेखील १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, आपण धारण केलेले आहे; त्याआधी आपण स्वतःला काय म्हणत होतो याचाही शोध घ्यावा लागतो. तरीही साडेचारशे वर्षे, राज्ये बदलली, साथी आल्या, तरी लोकांनी ही श्रद्धा जपली, हेदेखील एक साधनच आहे. त्यांचे मन आरंभी काय होते हे कागद सांगत नाही. नंतर काय झाले हे त्यांची गाणी, सण आणि क्रूस सांगतात.

त्या मुलीने मान हलविली. तिचे पूर्ण समाधान झाले असे वाटले नाही, आणि ते आम्हांस योग्यच वाटले. पण त्याच वेळी पाड्यावरील एक मुलगा म्हणाला, “म्हणजे फादर, तुमचेही कागद दुसऱ्यांनीच लिहिले.” शिक्षक म्हणून आमच्या आयुष्यात याहून मोलाचे वाक्य आम्ही ऐकले नाही. दोन समाजांची मुले एका ओसरीवर बसली होती. दोघांच्याही आजोबा-पणजोबांविषयी दुसऱ्यांनी लिहिले होते. आणि हे साम्य आम्ही शिकविले नव्हते, त्यांनी शोधले होते.

चौथे उत्तर अगदी अलीकडचे होते, आणि ते शिकविताना आम्हांस तारेवरची कसरत करावी लागली. मेट्रोच्या कारशेडचा वाद मुलांना ठाऊक होता. काहींच्या नात्यातील माणसांची घरे त्यात गेली होती, तर काहींच्या घरची माणसे मेट्रोची वाट पाहत होती. आम्ही घटना क्रमाने मांडल्या. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने झाडांच्या बाजूने आलेल्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबविली, परंतु तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. न्यायालयाने जी दखल घेतली ती कायद्याच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या पत्राची होती, हे ऐकून वर्ग सावरून बसला. पुढे २०२० साली आरेचा काही भाग राखीव वन करण्याचा निर्णय झाला आणि २०२१ साली ८१२ एकर जमीन वनखात्याकडे गेली. २०२४ च्या ऑक्टोबरात आरेहून मेट्रो धावू लागली.

मग आम्ही फळ्यावर एकच प्रश्न लिहिला : ‘आरे हे जंगल आहे काय?’ भूगोलाने सांगितले की झाडी, ओढे आणि श्वापदे आहेत. इतिहासाने सांगितले की शासनाच्या दप्तरात ही दुग्धवसाहत आहे. नागरिकशास्त्राने सांगितले की ‘वन’ या शब्दाला कायद्यात अर्थ आहे आणि तो अर्थ न्यायालयात ठरतो. भाषेने सांगितले की आजींच्या बोलीत जंगल हा शब्द घराला लागूनच येतो. चार विषयांची चार पुस्तके प्रथमच एका बाकावर उघडी पडली होती. कोणते उत्तर बरोबर, हे आम्ही सांगितले नाही. प्रत्येकाने आपले मत लिहावे आणि विरुद्ध मताचा सर्वांत बळकट मुद्दाही लिहावा, एवढेच सांगितले. दुसरी अट मुलांना पहिलीपेक्षा पुष्कळ जड गेली. मोठ्यांनाही ती जडच जाते.

येथे कोणी म्हणेल की फादर, हे सारे ठीक. पण अभ्यासक्रम कधी पुरा करणार? आक्षेप खरा आहे. त्याला आम्ही दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या एका आठवणीने उत्तर देतो. १९६४-६५ साली, गुरुदीक्षा होण्याआधी, ते अर्जेंटिनातील सांता फे येथील येशूसंघाच्या शाळेत मुलांना साहित्य शिकवीत होते. अभ्यासक्रमात ‘एल सिद’ हे स्पेनमधील मध्ययुगीन महाकाव्य होते. मुलांना मात्र गार्सिया लोर्का वाचावयाचा होता. तरुण शिक्षकाने तोडगा काढला : महाकाव्य घरी वाचावे, वर्गात मुलांना आवडणाऱ्या लेखकांविषयी बोलावे. २०२४ साली, सेमिनरीतील शिक्षणात साहित्याचे स्थान काय असावे, यावर लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही आठवण स्वतः सांगितली आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या अभ्यासाविषयी दुसरे पत्र लिहिले आणि आपला इतिहास डागांसह, काहीही न पुसता पाहावा, असा आग्रह धरला. मत्तयच्या शुभवर्तमानातील येशूच्या वंशावळीत काहीही पुसलेले नाही, असे तेथे म्हटले आहे. आम्ही ती वंशावळ मिस्सेत कितीदा तरी वाचली असेल. इतिहासाचा धडा म्हणून ती प्रथमच वाचली.

मुलाला आवडते तेच शिकवावे, असे आमचे म्हणणे नाही. शिवकाल, स्वातंत्र्यलढा, संविधान, जग हे सारे त्याला कळलेच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की वाट त्याच्या दारातून निघावी. ज्याने आपल्या आजीची साक्ष आणि शासनाचा कागद शेजारी ठेवून तोलला आहे, तो पुढे कोणत्याही बखरीला आणि कोणत्याही भाषणाला तोलल्याशिवाय मान देणार नाही. आजच्या काळात, जेव्हा इतिहासाच्या नावाने काहीही हातातल्या फोनवर येऊन पडते, तेव्हा ही सवय मार्कांपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

ज्याला आम्ही शून्य दिले तो मुलगा दहावीनंतर आम्हांस भेटला नाही. त्याची उत्तरपत्रिका शाळेच्या रद्दीत केव्हाच गेली असेल. त्यातील गुण आता दुरुस्त करता येत नाहीत. पण त्यानंतर आम्ही तो प्रश्न जेव्हा जेव्हा घातला, तेव्हा त्याचे शब्द थोडे बदलले. ‘आरे दुग्ध वसाहत कोणी व केव्हा स्थापन केली? त्याआधी तेथे कोण राहत होते? हे तुम्हांला कसे कळले?’ तिसऱ्या उपप्रश्नाला आम्ही सर्वांत अधिक गुण ठेवतो.